तोतया

एल आल्तोत ऊन उतरत नाही, कोसळतं.
चार हजार मीटरांवर हवेची चाळणीच विरळ.
बाराच्या सुमारास माझ्या फार्मसीच्या काउंटरवर
बायका हॅट काढून ठेवतात
आणि गाल पुढे करतात,
जणू मी चष्मा लावून त्यांचं कपाळच वाचणार आहे.

निकासिया चोके बटाटे विकते,
गोठवून वाळवलेले, काळे, खडीसारखे वाजणारे.
तिच्या दोन्ही गालांवर वांग,
कपाळावरही थोडं, भुवईपाशी तुटलेलं.
इथे त्याला 'पान्यो' म्हणतात, म्हणजे फडकं.
"सात वर्षं तोंडावर फडकं घेऊन बसलेय, दोक्तोरा."
मी डॉक्टर नाही.
पण हे सांगणं मी केव्हाच सोडलंय.

बाटली पुढे ठेवते. तीस मिली, एकशे चाळीस बोलिव्हियानो.
ट्रानेक्सॅमिक ॲसिड.
"ॲसिड? भाजेल की!"
नाही गं, हे अमिनो कुळातलं.
तुझ्या कीन्वात, दुधात लायसिन असतं ना,
त्याचा हा कारखान्यात घडवलेला तोतया.
लायसिनच्या जागेवर आधीच जाऊन बसतो, हुबेहूब,
आणि पुढचा सगळा कारभार थबकतो.
कातडीत निरोप धावत असतात:
ऊन आलं, रंग काढा, अजून काढा.
हा निरोप्यांच्या वाटेत ठाण मांडतो. एवढंच.
रोज लाव. तीन महिने धीर धर.
आणि ही हॅट नुसती मिरवायची,
रुंद काठाची घे.

मग सवयीनं विचारते,
घरात कुणाच्या पायात गुठळी वगैरे?
लावायच्या औषधाला तसं भय नाही,
पण मुळात याचं काम रक्त थांबवायचं.

ती गप्प होते.
घागऱ्याच्या आतल्या खिशातून आगपेटी काढते.
आगपेटीत कापूस. कापसात
मान मोडलेली काचेची कुपी.
"वियाचाच्या दवाखान्यात, डायराच्या वेळी.
आधी गादी भिजली, मग फरशी.
नर्सनं हे टोचलं.
मला अक्षर येत नाही. ठेवलं,
कधी कुणी वाचून सांगेल म्हणून."

मी ट्यूबलाइटखाली कुपी फिरवते.
एक अक्षर पुसलंय, बाकी नाव तेच.

दुकानाच्या पायरीवर डायरा पाढे घोकत बसली आहे,
सात साते एकोणपन्नास, पुन्हा सात साते.
निकासिया तिच्याकडे बघते, मग बाटलीकडे.
"तिच्याबरोबरच आलं होतं हे तोंडावर,
सहाव्या महिन्यात."
सुटी नाणी मोजून देते, चार कमी.
मी चार सोडते.

निघताना तिची नजर माझ्या वरच्या ओठावर थांबते.
तिथलं वांग मिशीसारखं दिसतं, मला माहीत आहे.
"तुला किती, दोक्तोरा?"
एक. मुलगा. सांता क्रूझला शिकतो.

मला मूल नाही.
माझं वांग गोळ्यांचं आहे,
मूल नको म्हणून चार वर्षं घेतलेल्या.
तो माणूस नंतर ओरुरोला गेला
आणि तिथे त्याला तीन झाली.
पण बायका डाग बघतात आणि आई समजतात.
पहिल्यांदा मी नुसतं हसले होते,
दुसऱ्यांदा नाव सांगितलं, रेनान.
तेव्हापासून त्याला दर वर्षी एक इयत्ता वर चढवते.
यंदा तो इंजिनिअर व्हायला हवा.

रात्री शटर अर्ध्यावर ओढते.
नमुन्याची बाटली उघडीच आहे.
थेंब बोटावर घेते. पाण्यासारखा, वास नाही.
तीन महिन्यांत ओठ फिका होईल,
मग विचारणार कोण?

आरशात बघता बघता
थेंब बोटावरच वाळतो, किंचित चिकट.
उद्या गुरुवार. बाजार मोठा भरतो.